रकाना: मूळ रंग

क्लिफर्ड पार्गिटरकडे गाडी नाही.
कधीच नव्हती.
क्लबात आम्ही एकतीस जण, एकतीस ट्रायम्फ,
आणि बत्तिसावा हा, बसनं येणारा,
कोटाच्या एका खिशात भिंग,
दुसऱ्यात रुमालात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं.

कॉव्हेंट्रीत, कॅन्लीच्या अलीकडच्या गल्लीत त्याचं घर.
जिन्यावर एका पावलापुरती वाट;
उरलेल्या पायरीवर माहितीपत्रकं, सालवार, सुतळीनं बांधलेली.
चमच्यांच्या खणात स्पार्क प्लग.
न्हाणीत आरशाच्या वर बॉनेटवरचा बिल्ला,
कोपऱ्यातला टवका उडालेला.
तो कुठल्या शर्यतीत, कुठल्या वळणावर उडाला
हे विचारू नये.
विचारलं की चहा दोनदा गार होतो.

सोळाव्या वर्षी तो कारखान्यात लागला,
पाठवणी खात्यात, सगळ्यांत धाकटा कारकून.
गाडी फाटकातून बाहेर पडायची
तेव्हा हा वहीत लिहायचा:
क्रमांक, रंग, टायर, कुणाच्या घरी.
लेकी सासरी धाडाव्यात तशा धाडल्या त्यानं,
आणि एकीचंही माहेर पुसू दिलं नाही.
फाटकाला कुलूप लागलं त्या आठवड्यात
वह्या भट्टीकडे चालल्या होत्या.
हातगाडीच्या तीन खेपा. पाठीत कायमची कळ.
"कळ सोडली तर सगळं फुकट मिळालं," म्हणतो.

माझी गाडी लाल.
वडिलांची. हॅरल्ड ट्रॅन्टर, घरोघर दूध पोचवणारे.
दर नाताळात एकच गोष्ट:
त्रेसष्टचा मार्च, थेट कारखान्याच्या दारातून,
कोरी करकरीत, लालभडक, रोख मोजून.
आई तेव्हा ताटातल्या वाटाण्यांकडे बघायची.

यंदा मेळाव्यात, ओल्या गवतावर,
क्लिफर्डनं क्रमांक वाचला आणि वही उघडली,
हेळवी जसा घराण्याचं नाव ऐकून पान काढतो.
पान निघालं. अक्षर त्याचंच, सोळा वर्षांचं.
फिकट निळी.
पहिली मालकीण मिस ऑड्री फेलोज, केनिलवर्थ. सुईण.

मी म्हटलं, चुकलं असेल.
तो काही बोलला नाही.
दाराचं रबर अंगठ्यानं जरा सरकवलं:
लालाच्या काठाखाली नखाएवढा निळा,
साठ वर्षं ऊन न बघितलेला.

मग काय, घोळका जमला.
बॅझिल म्हणाला, खरवडून काढ, मूळ ते मूळ.
ग्लिनिस म्हणाली, हात तर लावून बघ.
कुणी रंगांचं पत्रक आणायला धावला,
कुणी थर्मासातला चहा माझ्या हातात ठेवला,
सुतकाच्या घरी ठेवतात तसा.

मी त्या निळ्याकडे बघत होते.
एक बाई, रात्रीची, उघड्या टपाच्या गाडीत,
शेजारच्या सीटवर पिशवी,
कुठल्याशा मळ्यावर कळा सुरू झालेल्या.
तिच्याबद्दल आमच्या घरात कधी एक शब्द निघाला नाही.
आणि माझे वडील,
कुणाच्या शेडमध्ये, कुणाचा फवारा उसना आणून,
खिडक्यांना वर्तमानपत्र चिकटवून,
आईला काय सांगून

क्लिफर्डनं पेन्सिल जिभेला लावली.
'निळी. पुढे लाल,' असं लिहिलं.
"तीही नोंद हवी," म्हणाला,
"इतकी वर्षं लाल राहणं काही कमी नाही."
मग रकान्याशी थांबला.
"कारण?"
मला हसू आलं, आणि नाक गळायला लागलं.
हौस, मी म्हटलं.
हौस, त्यानं लिहिलं, स्वच्छ अक्षरात,
टायरच्या मापाखाली.

शेवटची बस गेली होती.
पहिल्यांदाच तो बसला माझ्या शेजारी,
हात गुडघ्यांवर, चष्मा काढून, डोळे मिटून.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल,
त्या फाटकाबद्दल, वहीतल्या मुलाबद्दल.
केनिलवर्थचा रस्ता लागला.
"तिसरा सिलिंडर," तो म्हणाला,
"जरा खोकतोय."